घाटात ‘सोबत’ राहायचे म्हणजे नेमके काय? सहा मित्रांच्या सायकल टूरबद्दल सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातले तुम्ही सहा मित्र दर रविवारी रामटेक किंवा बुटीबोरीच्या दिशेने साठ-सत्तर किलोमीटर सायकल चालवता. जानेवारीत पुण्याहून निघणाऱ्या पाच दिवसांच्या आयोजित टूरसाठी सगळ्यांनी नाव नोंदवले आहे. मार्गात पहिल्या दिवशी वाईहून पसरणीचा घाट, दुसऱ्या दिवशी महाबळेश्वरहून पोलादपूरकडे जाणाऱ्या आंबेनळी घाटाचा उतार, मग कोकणातले दोन दिवस आणि शेवटी पोलादपूरहून पुन्हा महाबळेश्वरपर्यंतची चढाई आहे. एका मित्राचे वजन ८८ किलो असून त्यांच्याकडे हायब्रिड (रुंद टायरची, रोड बाइकपेक्षा जड) सायकल आहे, आणखी एक जण पंचावन्न वर्षांचे असून रक्तदाबाची गोळी घेतात, आणि ‘जाऊ तर सगळे सोबत’ असे तुमचे ठरले आहे. हे कसे जमवावे, घाट नसलेल्या नागपुरात सराव कसा करावा आणि सायकली पुण्याला कशा न्याव्यात, हे तुम्ही विचारले आहे.

नागपूरचे ग्रुप घेऊन अशा टूरवर मी बरीच वर्षे जात आहे, त्या अनुभवावरून सांगतो की यात चढापेक्षा तुमचा तो ठराव अधिक त्रास देणार आहे. घाट बेताने घेतला तर बहुतेकांना चढता येतो. सहा जणांनी एकमेकांच्या चाकाला चाक लावून घाट चढायचे ठरवले, तर मात्र तिसऱ्या दिवसापर्यंत कोणाचे तरी गुडघे दुखू लागतात आणि कोणाचा तरी पारा चढतो. म्हणून ‘सोबत’ या शब्दाचा अर्थ निघण्याआधीच ठरवून घ्या. चढ आणि उतार ज्याच्या त्याच्या गतीने, भेटी ठरलेल्या ठिकाणी आणि संध्याकाळचे जेवण एका पंक्तीला, असा अर्थ मी लावतो.

यामागचे कारण समजले की ते मित्रांच्या गळी उतरवणे सोपे जाते. वर्धा रोडवर पंचवीसच्या वेगाने जाताना तुमची बरीचशी ताकद हवा कापण्यात खर्च होते. तिथे वजनामुळे फारसा फरक पडत नाही, आणि जो थोडा मागे पडतो तो पुढच्याच्या आडोशाला राहून ती तूट भरून काढतो. तुमचा ग्रुप रविवारी एकसंध राहतो तो या आडोशामुळे. घाटात वेग आठ-दहावर येतो, हवेचा अडथळा जवळपास उरत नाही, आडोशाचा उपयोग संपतो आणि सगळी ताकद वजन वर नेण्यात जाते.

हिशेब करून पाहा. वाई ते पाचगणी हा पसरणीचा चढ सुमारे १२ किलोमीटरचा आहे आणि त्यात पावणेसहाशे मीटरच्या आसपास उंची मिळवावी लागते, म्हणजे सरासरी चढ पाच टक्क्यांच्या जवळ जातो. सायकल, पाणी आणि सामान धरून तुमच्या वजनदार मित्राचे एकूण १०३ किलो होतात असे समजू. ते ताशी आठ किलोमीटरने चढले तर त्यांना साधारण १२५ वॅट ताकद लावावी लागेल. तेवढीच ताकद लावणारा, सायकलीसह ७४ किलो भरणारा मित्र ताशी ११ किलोमीटरने चढेल. पहिल्याला दीड तास लागेल आणि दुसरा पासष्ट मिनिटांत पाचगणीला पोहोचेल. दोघांची मेहनत सारखी, दोघांचा दम सारखा, तरी एकाच घाटात पंचवीस मिनिटांचे अंतर पडले. सपाटीवर तेवढ्याच ताकदीत या दोघांच्या वेगात ताशी एक-दोन किलोमीटरचाच फरक राहतो. मागचा माणूस आळशी किंवा कच्चा आहे, हा समज सोडून देण्यासाठी मी हा हिशेब प्रत्येक ग्रुपला कागदावर मांडून दाखवतो.

आता दोघांनी सोबत राहण्याचा हट्ट धरला तर काय होते? मागचा माणूस पुढच्याला पाहून आपल्या कुवतीपेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त जोर लावतो. पहिल्या घाटात ते निभावते. पण अशा जोराने स्नायूंतला साखरेचा साठा झपाट्याने संपतो आणि रात्रभरात तो पूर्ण भरून येत नाही. पुढचा माणूस इतका हळू चालवतो की त्याची लय मोडते, तो मध्येच उभा राहून पेडल मारतो, थांबतो, मागे वळून पाहतो. मागून येणाऱ्याला ते वळून पाहणे फार बोचते. काही जण प्रेमापोटी पाठीला हात लावून ढकलतातही. एसटी आणि ट्रक वळण कापत येणाऱ्या रस्त्यावर हे कृपा करून करू नका.

गतीचे मोजमाप मी साधे ठेवतो. चढत असताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग कमी करा. तुमच्या पंचावन्न वर्षांच्या मित्रांसाठी हे अधिक महत्त्वाचे आहे, कारण रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः बीटा ब्लॉकर प्रकारातल्या, हृदयाची गती वाढू देत नाहीत आणि मग घड्याळावर दिसणारा हृदयगतीचा आकडा फसवा ठरतो. त्यांनी टूरच्या आधी डॉक्टरांना भेटून रोजचे अंतर, चढ आणि दिवस स्पष्ट सांगावेत आणि आपल्या गोळीबाबत विचारून घ्यावे. त्यांनी जावे की नाही, हे इथून सांगणे योग्य होणार नाही.

थांबण्याची रीत हा ग्रुपमधला सर्वांत दुर्लक्षित विषय आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो. पुढचे चौघे घाटमाथ्यावर पोहोचतात, चहा घेतात, फोटो काढतात, घाम वाळून त्यांना थंडी वाजू लागते. वीस मिनिटांनी पाचवा येतो, आणखी पाच मिनिटांनी सहावा. तो सायकलवरून पाय खाली टेकवतो न टेकवतो तोच ‘चला, आले सगळे’ अशी हाक येते आणि चौघे पेडलवर पाय ठेवून तयार असतात. बिचारा ‘हो हो, चला’ म्हणतो, बाटलीही भरत नाही. ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज होती त्याला ती सर्वांत कमी मिळाली, आणि हेच दिवसातून चार वेळा घडले. यावर माझा नियम असा आहे की शेवटचा माणूस आल्यावर घड्याळ सुरू होते आणि त्यानंतर दहा मिनिटे कोणीही निघायचे नाही. ज्यांना इतके थांबणे जमत नाही त्यांनी पुढच्या भेटीच्या ठिकाणापर्यंत खुशाल जावे, पण उघड्या माथ्यावर कुडकुडत थांबून नंतर चेहरा पाडू नये. त्यापेक्षा मागच्या जोडीला सकाळी अर्धा तास आधी निघू द्यावे. आयोजक सर्वांना एकदमच सोडत असतील तर हे जमणार नाही, म्हणून आधी विचारून घ्या.

जोडी हा शब्द मी मुद्दाम वापरला. सहा जणांच्या तीन जोड्या चढाच्या गतीनुसार पाडा, मैत्रीनुसार नव्हे. प्रत्येक जोडीकडे पंप, मल्टिटूल, चेनची जोडकडी आणि आपापल्या चाकाच्या मापाच्या दोन-दोन ट्यूब असाव्यात. रोड बाइकची ट्यूब हायब्रिडच्या रुंद टायरला चालत नाही आणि व्हॉल्व्हही वेगळा असू शकतो, त्यामुळे ‘त्याच्याकडे आहे ना’ या भरवशावर कोणी राहू नये. भेटीची ठिकाणे आदल्या संध्याकाळी आयोजकांच्या ब्रीफिंगनंतर ठरवा. पहिल्या दिवशी वाईत ढोल्या गणपतीजवळ आणि नंतर थेट पाचगणीत. शेवटच्या दिवशी कुंभरोशीला, प्रतापगडाच्या फाट्याजवळ, आणि मग महाबळेश्वरात. घाटात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून ठिकाण आणि वेळ प्रत्येकाला तोंडपाठ हवी.

शेवटच्या दिवसाचा हिशेब आजच करून ठेवा. पोलादपूर समुद्रसपाटीपासून फारसे उंच नाही आणि महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे. मधले अंतर सुमारे ४० किलोमीटर. ताशी आठच्या सरासरीने पाच तास लागतात, थांबे धरून सहा. सकाळी साडेसहाला निघाल्यास साडेबारा वाजतील. आयोजकांचा कट-ऑफ, म्हणजे पोहोचण्याची शेवटची वेळ, बारा वाजताचा असेल, तर तुमचे वजनदार मित्र कितीही जिद्दीचे असले तरी त्यात बसणार नाहीत. हे आधी कळलेले बरे. मग कुंभरोशीपर्यंत सायकल आणि पुढे सपोर्ट गाडी, असे ते स्वतःच शांतपणे ठरवू शकतात. गाडीत बसणाऱ्याची चेष्टा करायची नाही, व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकायचा नाही, हेही निघण्यापूर्वी बोलून घ्या. चेष्टेच्या भीतीने गाडी नाकारणारा माणूस पुढे उतारावर थरथरत्या हातांनी ब्रेक दाबत असतो, आणि ती जोखीम मला सर्वांत मोठी वाटते.

गिअरच्या बाबतीत तुमची काळजी उलट्या दिशेने आहे. हायब्रिडवाले मित्र मागे पडतील असे तुम्ही म्हणता, पण त्यांच्या सायकलीला पुढे, पेडलजवळ, तीन दातेरी चकत्या असाव्यात आणि सर्वांत लहान चकती बहुधा २८ दात्यांची असते. मागे ३२ असेल तर ताशी आठच्या वेगात त्यांचे पाय मिनिटाला सत्तरच्या आसपास फिरतील, जे गुडघ्यांना सुखाचे आहे. तुमच्यापैकी ज्यांच्या रोड बाइकला पुढे ३४ आणि मागे २८ आहे, त्यांचे पाय त्याच वेगात मिनिटाला जेमतेम ५२ वेळा फिरतील आणि प्रत्येक फेरीला गुडघ्यावर भार येईल. त्यांनी मागे ३२ किंवा ३४ दात्यांची कॅसेट (मागच्या चाकावरचा चकत्यांचा संच) बसवून घ्यावी. सध्याचा डिरेल्युअर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) तेवढी मोठी चकती पेलतो का आणि चेन लांब करावी लागेल का, हे मेकॅनिककडून तपासून घ्या, आणि हे काम टूरच्या आदल्या आठवड्यात न करता किमान महिनाभर आधी उरका. हलकी सायकल विकत घेण्यापेक्षा या कॅसेटवर केलेला खर्च घाटात कितीतरी जास्त उपयोगी पडतो.

सरावाकडे वळतो. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरच्या आसपास आहे आणि आजूबाजूला लांब चढ नाहीत, हे खरे. फुटाळ्याकडून सेमिनरी हिल्सवर चढणारा रस्ता किंवा रामटेकच्या गडाचा चढ पाय मोकळे करायला चांगला आहे, पण हे चढ काही मिनिटांत संपतात. घाटाचा त्रास वेगळा असतो. तासभर, दीड तास अखंड दाब द्यावा लागतो, मध्ये पाय सैल सोडायला जागा मिळत नाही. त्याची नक्कल सपाटीवर अशी करता येते: समोरून वारा असेल त्या दिशेने निघा, एक-दोन गिअर जड ठेवा, बसूनच पेडल मारा, मिनिटाला साठच्या आसपास फेऱ्या ठेवा आणि वीस मिनिटे न थांबता चालवा. दहा मिनिटे हलक्या गिअरमध्ये फिरवून पुन्हा वीस मिनिटे. आठवड्यातून एकदा पुरे, आणि गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखले तर लगेच थांबवा. रविवारची राइड मात्र वेगळ्या कारणासाठी बदला. ठिकाणी पोहोचून तर्री पोहे खाऊन पाऊण तास गप्पा मारणे हा तुमच्या राइडचा आत्मा असेल, तर निदान महिन्यातून दोनदा शनिवार आणि रविवार सलग चालवा, म्हणजे आदल्या दिवसाचे थकलेले पाय घेऊन खोगिरावर बसण्याची सवय होईल. पाच दिवसांच्या टूरमध्ये हीच सवय उपयोगी पडते.

खऱ्या चढासाठी एक शनिवार-रविवार चिखलदऱ्याला द्या. सायकली गाडीत टाकून परतवाड्याला मुक्काम करा आणि सकाळी तिथून निघा. सुमारे ३० किलोमीटरचा रस्ता असून चिखलदरा जवळपास ११०० मीटर उंचीवर आहे. हा मेळघाटचा परिसर आहे, त्यामुळे प्रवास दिवसाउजेडीच करावा आणि जंगलाच्या रस्त्यावर एकटे रेंगाळू नये. सौंसरच्या पुढे छिंदवाड्याच्या वाटेवरचा सिल्लेवानी घाटही चांगला आहे, मात्र तिथे वाहनांची वर्दळ असते. चिखलदऱ्याला सहाही जणांनी एकत्र जा आणि प्रत्येकाने आपल्या गतीने चढून वेळ लिहून ठेवा. तुमच्या जोड्या कशा पाडायच्या, हे त्या कागदावरून आपोआप ठरेल.

उताराबद्दल थोडक्यात, पण गांभीर्याने. आंबेनळी उतरताना दोन सायकलींत सपाटीपेक्षा कितीतरी जास्त अंतर ठेवा, शेजारी-शेजारी चालवू नका आणि पुढच्याच्या मागे डोळे झाकून वळणात शिरू नका. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात असताना जोरात ब्रेक दाबायचा नाही. ब्रेक सतत घासत ठेवल्यास रिम किंवा डिस्क तापते, म्हणून दाबा, सोडा, पुन्हा दाबा. निघण्यापूर्वी पॅड किती उरले आहेत ते पाहा. माथ्यावर जॅकेट घालूनच उतरायला लागा, कारण घामाने भिजलेल्या अंगाला वारा लागला की बोटे आखडतात आणि ब्रेक नीट दाबला जात नाही.

कोकणातले दोन दिवस तुम्ही सोपे धरले आहेत, तिथे मी सावध करेन. एक सलग घाट नसतो, पण खाडीच्या पातळीवर उतरायचे आणि लगेच चढायचे, असे दिवसभर चालते आणि हे छोटे चढ पसरणीपेक्षा तीव्र असू शकतात. शिवाय आपण विदर्भातले लोक उन्हाची फुशारकी मारतो, मात्र आपले ऊन कोरडे असते आणि घाम लगेच वाळून अंग थंड होते. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळत राहतो. तिथे तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी प्या आणि दोनपैकी एका बाटलीत ओआरएस ठेवा. पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच ते मिसळा, घट्ट करू नका.

खाण्याचा नियम दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके असा धरा. एका मध्यम केळ्यातून साधारण २५ ग्रॅम मिळतात. खजूर, चिक्की, मीठ लावलेला उकडलेला बटाटा हे सगळे चालते, आणि नागपूरकरांच्या खिशात संत्रा बर्फी असली तर तीही चालते. जे खाणार असाल ते आधी रविवारच्या राइडवर खाऊन पाहा. वाईत दुपारचे जेवण हलके ठेवा. पुण्याहून कात्रज, खंबाटकी करून आल्यावर भूक प्रचंड लागलेली असते आणि भरल्या ताटाचा मोह होतो, परंतु पुढे पसरणी उभी आहे.

एवढ्यावरून मित्रांसमोर पाच गोष्टी ठेवा: चढ आपल्या गतीने, शेवटचा आल्यावर दहा मिनिटे, जोडी सोडायची नाही, गाडीत बसणे ज्याचे त्याने ठरवायचे, आणि उतारावर शर्यत नाही. यावर एकमत होत नसेल तर ते नोव्हेंबरात चिखलदऱ्यालाच कळू द्या.

राहिला सायकली नेण्याचा प्रश्न. रेल्वेने न्यायच्या असतील तर पार्सल कार्यालयात आधी चौकशी करून बुकिंग करावे लागते आणि सायकल तुमच्याच गाडीने येईल याची खात्री करून घ्यावी लागते. सहा जण असल्यामुळे मला कॉन्ट्री काढून छोटा टेम्पो करणे किंवा पुण्याच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीची आधी बोलणी करणे अधिक सोयीचे वाटते. पुठ्ठ्याच्या खोक्यात सायकल बांधताना गिअरची बाजू वर राहू द्या. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असल्यास चाक काढल्यावर पॅडमध्ये जाड पुठ्ठा अडकवा आणि लिव्हर दाबू नका. पेडल काढताना डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा, नाहीतर जोर लावून ते आणखी घट्ट होईल. पुण्यात टूरच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचा, म्हणजे सायकली जोडून दहा किलोमीटर चालवून पाहता येतील आणि काही बिघडले असेल तर दुकाने बंद होण्यापूर्वी दुरुस्त करून घेता येईल.